जर्मनीचा शून्याकडचा रस्ता तळघरातून जातो

जर्मनीत भाड्याने राहणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा घरमालकाकडून हीटिंगचा हिशेब येतो. तळघरातल्या बॉयलरने वर्षभरात किती गॅस खाल्ला, त्यातला तुमच्या वाट्याचा किती, तुम्ही दरमहा आगाऊ किती भरलेत आणि आता आणखी द्यायचे की परत मिळायचे, असा तो कागद. २०२३ सालापासूनच्या हिशेबात एक ओळ वाढली आहे: कार्बन डायऑक्साइडचा खर्च. तिच्यापुढे दोन आकडे असतात, एक भाडेकरूचा आणि एक मालकाचा.

ही ओळ कशी निघते ते एकदा करून बघू. समजा घर ७० चौरस मीटरचं, म्हणजे आपल्याकडचं साडेसातशे चौरस फुटांचं. वर्षाचा गॅस १०,००० युनिट. एका युनिटमागे साधारण १८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे वर्षाचा १,८०० किलो. २०२५ मध्ये सरकारने टनाला ५५ युरो दर लावला होता, त्या हिशेबाने झाले ९९ युरो, वर कर वेगळा. आता १,८०० ला ७० ने भागायचं. चौरस मीटरमागे २६ किलोच्या आत आलं. कायद्यात दहा पायऱ्या आहेत, त्यातल्या २२ ते २७ किलोच्या पायरीवर भाडेकरूने ७० टक्के द्यायचे आणि मालकाने ३०. घर उत्तम असेल, १२ किलोच्याही खाली, तर सगळा खर्च भाडेकरूचा. घर म्हणजे नुसती गळकी पेटी असेल, ५२ किलो किंवा त्याहून जास्त, तर ९५ टक्के मालकाच्या गळ्यात.

यामागचा विचार सरळ आहे. खोलीतला हीटर किती चढवायचा हे भाडेकरूच्या हातात असतं, पण भिंतीला आवरण घालणं, जुन्या खिडक्या काढणं आणि बॉयलर बदलणं मालकाच्याच हातात. ज्याच्या हातात जे आहे, त्याच्याकडून त्याचे पैसे घ्यायचे. निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहतात अशा देशात ही वाटणी फार महत्त्वाची.

जर्मनीने कायद्यात लिहून ठेवलंय की २०४५ पर्यंत देश हरितगृह वायूंच्या बाबतीत तटस्थ होईल. आपण ज्याला सर्रास नेट झिरो म्हणतो तेच. पण देश तटस्थ होतो म्हणजे नेमकं काय होतं, ते कोण करतं आणि त्याचे पैसे कोण देतं, हे भाषणांत कळत नाही. अशा हिशेबाच्या कागदावर कळतं.

मुळात तटस्थता हा एक ताळेबंद आहे. एका बाजूला माणसाने हवेत सोडलेले वायू, दुसऱ्या बाजूला जंगल, माती, दलदल यांनी शोषून घेतलेले. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की शून्य. धूर अजिबात नाही असा त्याचा अर्थ नाही. गाई रवंथ करत राहणार, शेतात नत्रखत पडणार, सिमेंट बनवताना चुनखडीतून वायू सुटणार. यातलं जे काही केल्या थांबत नाही तेवढंच उरावं आणि तेवढंच शोषलं जावं, असा बेत.

हिशेबात धरलेले वायू सात आहेत. कार्बन डायऑक्साइड सगळ्यांना माहीत असतो. मिथेन गोठ्यातून, कचऱ्याच्या डोंगरातून आणि गळक्या गॅसवाहिन्यांतून येतो, आणि शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. खतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड सुमारे २६५ पट. सल्फर हेक्साफ्लोराइड तर तेवीस हजारांहून जास्त पट. हा शेवटचा वायू विजेच्या मोठ्या स्विचगिअरमध्ये वापरतात. पण एके काळी जर्मनीत तो आवाज अडवणाऱ्या दुहेरी काचांच्या खिडक्यांतही भरत असत. काही दशकांपूर्वी रहदारीचा आवाज नको म्हणून बसवलेल्या त्या काचा आज मोडीत निघतात तेव्हा आतला वायू बाहेर पडतो आणि देशाच्या खात्यात जमा होतो. खिडकी बसवणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा वातावरण वगैरे काही नव्हतं. ताळेबंदाला त्याच्याशी देणंघेणं नाही.

१९९० मध्ये हे सगळं मिळून जर्मनीचं वर्षाचं उत्सर्जन १२५ कोटी टनांच्या आसपास होतं. २०२४ मध्ये ते ६५ कोटी टनांवर आलं. म्हणजे निम्मं अंतर कापायला ३४ वर्षं लागली आणि उरलेल्या निम्म्यासाठी हातात आहेत २१. शिवाय पहिल्या निम्म्यात एक लबाड फायदा होता. बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्व जर्मनीतले जुनाट, धुरकट कारखाने पटापट बंद पडले आणि आकडा आपोआप खाली आला. त्याचं श्रेय हवामान धोरणाला देणं जरा जास्तच होईल. किंमत मोजली ती तिथल्या कामगारांनी. ते पुढे येईलच.

२०४५ हे साल कुठून आलं, हीही एक गोष्टच आहे. २०१९ च्या मूळ कायद्यात २०३० पर्यंतचंच गणित पक्कं होतं, १९९० च्या मानाने ५५ टक्के कपात. पुढचं पुढे बघू. यावर तरुण मुलं कार्ल्सरुहच्या घटना न्यायालयात गेली. त्यात उत्तर समुद्रातल्या पेलवर्म बेटावरच्या शेतकरी कुटुंबातली मुलगी होती, बांगलादेश आणि नेपाळमधलेही काही अर्जदार होते. या आशियाई अर्जदारांच्या पदरात काही पडलं नाही. पण जर्मन मुलांचं म्हणणं न्यायालयाने २०२१ च्या वसंतात उचलून धरलं. २०३० पर्यंत सैल सोडलं तर त्यानंतर इतकी कडक कपात करावी लागेल की आजच्या तरुणांच्या स्वातंत्र्यावरच गदा येईल, असा निकालाचा गाभा. आजच्यांनी जेवून उठायचं आणि भांडी घासायला उद्याच्यांना बसवायचं, हे चालणार नाही. निकालानंतर दोन महिन्यांच्या आत संसदेने कायदा बदलला: २०३० पर्यंत ६५ टक्के, २०४० पर्यंत ८८ टक्के आणि २०४५ ला शून्य.

सालं लिहून झाली. आता टन मोजू. सगळे टन हवेला सारखेच, पण माणसापासून त्यांचं अंतर वेगवेगळं असतं. वीज केंद्रातला टन लांब असतो. मोटारीतला जवळ असतो. घराच्या तळघरातला त्याहून जवळ आणि नोकरीतला तर पोटातच असतो. टन जितका जवळचा तितकं तो काढणं अवघड. जर्मनीच्या गेल्या पंचवीस वर्षांचं सार मला एवढंच दिसतं.

लांबचा टन आधी गेला. २००० साली अक्षय ऊर्जेचा कायदा आला. छतावर सौर पट्टी लावा, शेतात पवनचक्की उभारा, जाळ्यात घातलेल्या प्रत्येक युनिटला वीस वर्षं ठरलेला भाव मिळेल, अशी हमी होती. तेव्हा अक्षय विजेचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास होता, २०२३ पासून तो निम्म्याच्या वर आहे. हे करताना त्यांनी १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन अणुभट्ट्याही बंद केल्या. कोळसा आधी बंद करून अणुभट्ट्या मागाहून बंद केल्या असत्या तर आकडा आणखी लवकर खाली आला असता, असं मला वाटतं. पण चेर्नोबिलचे ढग ज्यांच्या डोक्यावरून गेले त्यांना हे सांगायला जाणारे आपण कोण.

सामान्य माणसाला यात काय करावं लागलं? जवळजवळ काहीच नाही. भिंतीतल्या प्लगमधून येणारी वीज कोळशाची आहे की वाऱ्याची, हे इस्त्रीला कळत नाही. बिलात अधिभार लागायचा, त्यावर कुरकुर व्हायची, तोही जुलै २०२२ मध्ये काढून टाकला. उलट लोकांनी हौसेने भर घातली. बाल्कनीच्या कठड्याला दोन सौर पट्ट्या बांधायच्या, छोटा इन्व्हर्टर लावायचा आणि त्याची वायर सरळ घरातल्या साध्या प्लगमध्ये खुपसायची, अशी जुगाड वाटावी अशी सोय तिथे पूर्ण कायदेशीर आहे. इन्व्हर्टरची मर्यादा ८०० वॉट. २०२४ च्या दुरुस्तीनंतर घरमालकाला सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. २०२५ पर्यंत अशा बाल्कन्यांची सरकारी नोंद दहा लाखांवर गेली. यातून देशाची वीज फारशी भागत नाही, एका घराचा फ्रिज आणि राउटर दिवसा चालतो इतकंच. पण भाडेकरूलाही या भानगडीत हात घालता आला, ही मोठी गोष्ट.

मग गाडी तळघरापाशी आली आणि अडली.

जर्मनीतली निम्म्याच्या आसपास घरं गॅसवर तापतात, साधारण चौथा हिस्सा तेलावर. बॉयलर एकदा बसवला की वीस-पंचवीस वर्षं चालतो. म्हणजे आज बसवलेला बॉयलर २०४५ ला चालूच असेल. २०४५ ची तारीख पाळायची तर नवे बॉयलर आत्तापासूनच थांबवायला हवेत, हे गणित कुणालाही नाकारता येत नाही. त्याला पर्याय हीट पंप. आपल्याकडचा एसी खोलीतली उष्णता बाहेर फेकतो, हे यंत्र बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून आत आणतं. एक युनिट वीज खाऊन साधारण तीन युनिट उष्णता देतं, कारण ते उष्णता तयार करत नाही, नुसती वाहून आणतं. वीज स्वच्छ असेल तर उष्णताही स्वच्छ.

यंत्र चांगलं आहे, गणितही बरोबर होतं. तरी सगळं फिसकटलं. २०२३ च्या फेब्रुवारीअखेर अर्थ आणि हवामान मंत्री रॉबर्ट हाबेक यांच्या खात्यातला कायद्याचा कच्चा मसुदा फुटला. १ जानेवारी २०२४ पासून बसवलेलं कुठलंही नवं हीटिंग किमान ६५ टक्के अक्षय ऊर्जेवर चालायला हवं, असं त्यात होतं. अनुदान किती, कुणाला, जुन्या घरांचं काय, सत्तरीच्या विधवेने तीस हजार युरो आणायचे कुठून, याची उत्तरं तयार नव्हती. ‘बिल्ड’ या खपाच्या वर्तमानपत्राने त्याला हातोडा म्हटलं आणि तो शब्द चिकटला. सत्ताधारी आघाडीतले पक्षच आपसांत भिडले. जुलैमध्ये तर घटना न्यायालयाने मतदान थांबवलं, कारण खासदारांना मसुदा वाचायलाही पुरेसा वेळ दिला नव्हता. सप्टेंबरमध्ये कायदा झाला तो बराच सौम्य होऊन: जुन्या घरांना आधी सवड आणि अनुदान खर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत.

पण या सहा-सात महिन्यांत लोकांनी काय केलं? उद्या बंदी येणार म्हटल्यावर जो तो आजच गॅस बॉयलर बसवायला धावला. २०२३ मध्ये हीट पंप विक्रमी संख्येने विकले गेले, साडेतीन लाखांवर. आणि गॅस बॉयलर जवळपास आठ लाख. पुढच्या वर्षी हीट पंपांची विक्री दोन लाखांच्याही खाली आपटली. बॉयलर थांबवायला आणलेल्या कायद्याने एका वर्षात बॉयलरचीच विक्री वाढवली. ते आठ लाख बॉयलर आता २०४० च्या दशकापर्यंत तळघरात बसून राहणार.

चूक फक्त घाईची नव्हती, क्रमाचीही होती. शहरातल्या माणसापुढे पर्याय दोन असतात. आपला स्वतःचा हीट पंप, किंवा गल्लीखालून जाणारी गरम पाण्याची सामायिक वाहिनी. ती वाहिनी आपल्या गल्लीत येणार की नाही हे नगरपालिकेने सांगितल्याशिवाय मालकाने ठरवायचं कसं? त्यासाठी प्रत्येक गावाचा उष्णतेचा आराखडा लागतो. डेन्मार्कने असं नियोजन १९७९ च्या कायद्यापासून सुरू केलं. जर्मनीत आराखड्याचा कायदा हीटिंगच्या कायद्याच्या मागून आला, आणि मुदत दिली ती एक लाखाहून जास्त वस्तीच्या शहरांना २०२६ च्या मध्यापर्यंत आणि बाकी गावांना २०२८ च्या मध्यापर्यंत. वरातीमागून घोडं. २०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या फ्रीडरिश मेर्त्स यांच्या आघाडीने तर हा हीटिंगचा कायदाच काढून टाकू, असं आपल्या करारात लिहिलं.

पैशाच्या बाबतीतही असंच झालं. इंधनावर कार्बनचा दर लावायचा आणि गोळा झालेला पैसा माणशी सारखा वाटून परत द्यायचा, असं २०२१ च्या सरकारने कबूल केलं होतं. कमी जाळणाऱ्या गरिबाला त्यात फायदा झाला असता. दर २५ युरोंवरून ५५ वर चढला, परतीचा पैसा काही आला नाही. वर नोव्हेंबर २०२३ मध्ये घटना न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने सरकारने हवामान निधीत वळवलेले ६,००० कोटी युरो बेकायदा ठरवले. २०२५ च्या मार्चमध्ये घटनादुरुस्ती करून ५०,००० कोटी युरोंचा नवा कर्जनिधी उभा केला, त्यातले १०,००० कोटी हवामान निधीला. एका न्यायालयाने एकदा चाबूक मारला आणि एकदा लगाम खेचला, असं झालं.

मोटारींबद्दल थोडक्यात आटपतो, कारण तिथे फार काही घडलंच नाही. वाहतुकीचं उत्सर्जन १९९० मध्ये १६ कोटी टनांच्या घरात होतं आणि आज १४ कोटींच्या वर आहे. इंजिनं सुधारली, पण गाड्या मोठ्या झाल्या आणि वाढल्या. ऑटोबान म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गांवर सरसकट वेगमर्यादा अजूनही नाही. घालायला फलकांपलीकडे खर्च नसलेला हा उपाय, पण त्याचं नाव काढलं की शांत माणसंही तावातावाने बोलू लागतात. लोकांना आवडलं ते तिकीट. २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने ९ युरोंत महिनाभर देशभरच्या लोकल, बस, ट्राम. पाच कोटींहून जास्त तिकिटं खपली. मे २०२३ पासून ते कायमचं झालं ४९ युरोंना, मग ५८, आणि २०२६ पासून ६३. खेड्यात जिथे दिवसाला दोनच बस येतात तिथे त्या तिकिटाचं करायचं काय, हा प्रश्न कुठल्याही भावाने सुटत नाही.

सरकारने आधी स्वतःचं घर बघावं, हेही कायद्यात आहे. केंद्रीय प्रशासनाने २०३० पर्यंतच तटस्थ व्हायचं. केंद्रीय पर्यावरण संस्थेचं मुख्य कार्यालय देस्साउ शहरात आहे, २००५ मध्ये बांधलेलं, जुन्या गॅस कारखान्याच्या भागात. बाहेरून नागमोडी, लाकडी आणि रंगीत काचांचं. जमिनीखाली सुमारे पाच किलोमीटर लांबीचे नळ पुरलेत, बाहेरची हवा त्यांतून फिरून आत येते, हिवाळ्यात जरा कोमट आणि उन्हाळ्यात जरा गार होऊन. पाहायला छान आहे. पण सरकारचा खरा जोर इमारतीत नाही, खरेदीत असतो. २०२२ पासून केंद्र सरकारच्या खरेदीत वस्तू आयुष्यभर किती कार्बन सोडेल त्याचीही किंमत हिशेबात धरायची असते. सगळ्यात स्वस्त निविदा तीच सगळ्यात चांगली, हा समज त्यामुळे थोडा हलतो. दौऱ्यावर जाणाऱ्या कर्मचाऱ्याला विमानापेक्षा महाग पडलं तरी रेल्वेचं तिकीट घेता येतं, हीसुद्धा तशीच बारीक तरतूद.

अडचण आहे ती खालच्या पातळीवर. गावांसाठी हवामानाचं बरंचसं काम ऐच्छिक खात्यात मोडतं. बालवाडी चालवावीच लागते, हवामान अधिकारी नेमलाच पाहिजे असं नाही. कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने पहिल्यांदा कात्री कुठे लावायची, हे सांगायला नको.

गाव छोटं आणि हाताशी साधनं असली की मात्र चित्र वेगळं. ब्रांडेनबुर्ग राज्यातलं फेल्डहाइम हे १३० वस्तीचं गाव २०१० पासून स्वतःची वीज आणि स्वतःची उष्णता वापरतं. वाडीभोवती पवनचक्क्या आहेत, शेण आणि मक्यावर चालणारा बायोगॅस आहे. आधीची वीज कंपनी आपल्या तारा द्यायला तयार होईना, तेव्हा गावाने सरळ दुसरं जाळं टाकलं, घरटी ३,००० युरो काढून. जगभरातून पाहुणे बघायला येतात. कोलोनमधल्या पाचव्या मजल्यावरच्या भाडेकरूला हे दाखवून उपयोग नाही. त्याच्याकडे ना गोठा, ना माळ.

आता ताळेबंदाची दुसरी बाजू, शोषणारी. इथे जर्मनीला अलीकडे धक्का बसला. २०१८ पासूनचे कोरडे उन्हाळे आणि झाडाची साल पोखरणारे भुंगेरे यांनी स्प्रूसची जंगलंच्या जंगलं वाळवली. २०२४ मध्ये आलेल्या राष्ट्रीय वनगणनेत दिसलं की जंगल शोषण्याऐवजी कार्बन सोडायला लागलं आहे. ज्याच्या भरवशावर उरलेलं कर्ज फेडायचं, तोच देणेकरी निघाला.

त्याहून मोठी, आणि कमी माहितीची, गोष्ट दलदलीची. हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर, म्हणजे पीट, जर्मनांनी गेल्या दोन-तीनशे वर्षांत चर खणून कोरडे केले आणि तिथे कुरणं केली. पाणी गेलं की हवा शिरते आणि साठलेला कार्बन जळावा तसा हळूहळू उडून जातो. अशा निचरा केलेल्या जमिनींतून देशाच्या उत्सर्जनाचा सुमारे सात टक्के हिस्सा येतो. उपाय साधा: चर बुजवा, पाणी परत येऊ द्या. पण ओल्या जमिनीत जर्मन गाईचे खूर रुततात. मग काही ठिकाणी म्हशी आणल्या आहेत, चिखलात सुखाने डुंबणाऱ्या. कुठे बोरू आणि पाणकणीस लावून त्यापासून इन्सुलेशनच्या पाट्या बनवतात. तळघराचा प्रश्न सोडवायला भिंतीला जे आवरण लागतं, ते दलदलीतून येऊ शकतं.

ही दुसरी बाजू विकतही मिळते, आणि तिथेच लबाडी शिरते. कुठेतरी झाडं लावणाऱ्या प्रकल्पाला पैसे दिले आणि आपला माल तटस्थ झाला, असं सांगणाऱ्या जाहिरातींचं पीक आलं होतं. २०२४ च्या जूनमध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एका गोळ्या बनवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात ठरवलं की तटस्थ म्हणायचं असेल तर उत्सर्जन खरंच कमी केलं की पैसे देऊन भरपाई केली, हे जाहिरातीतच स्पष्ट लिहायला हवं. वेबसाइटवर कोपऱ्यात दिलेली लिंक पुरणार नाही. आधी कमी करणं आणि मग उरलेल्याची भरपाई, हा क्रम न्यायालयानेही महत्त्वाचा मानला.

सगळ्यात जवळचा टन कामाचा. इथे जर्मनीचा इतिहास दोन तऱ्हांचा आहे आणि दोन्ही बघण्यासारख्या आहेत.

पहिली तऱ्हा पश्चिमेकडच्या रूर खोऱ्याची. १९५० च्या दशकात तिथल्या आणि पश्चिम जर्मनीतल्या इतर दगडी कोळशाच्या खाणींत सहा लाखांच्या आसपास माणसं होती. आयातीचा कोळसा स्वस्त पडू लागला तशा खाणी आटत गेल्या. २००७ मध्ये केंद्र, राज्यं, खाण कंपनी आणि युनियन यांनी मिळून ठरवलं की २०१८ मध्ये शेवटची खाण बंद. तेव्हा तीस हजारांवर कामगार होते. जमिनीखाली काम करणाऱ्याला पन्नाशी गाठल्यावर पेन्शनपर्यंतचा पूल म्हणून दरमहा पैसे, जमिनीवरच्याला सत्तावन्नाव्या वर्षापासून, तरुणांना दुसरं काम शिकवून दुसरीकडे लावणं, नवी भरती बंद. २१ डिसेंबर २०१८ ला बोट्रोप इथल्या प्रोस्पर-हानियल खाणीतून शेवटचा कोळसा वर आला आणि खाणकामगारांनी तो राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला. अकरा वर्षांची आगाऊ सूचना आणि भरपूर सरकारी पैसा, म्हणून हे जमलं.

दुसरी तऱ्हा लाउझित्सची, पोलंडच्या सीमेवरचा लिग्नाइटचा पट्टा. १९९० च्या आधी तिथे या धंद्यात ऐंशी हजारांच्या घरात माणसं होती. एकीकरणानंतर दहा वर्षांत ती दहा हजारांच्या खाली आली. कुणी सूचना दिली नाही, कुणी विचारलं नाही. तरुण पश्चिमेला गेले, मागे म्हातारी माणसं आणि रिकाम्या इमारती राहिल्या. वर ज्या लबाड फायद्याबद्दल लिहिलं, तो इथून आला.

म्हणून २०१८ मध्ये उरलेला कोळसा बंद करायचा विषय निघाला तेव्हा सरकारने आधी आयोग बसवला. २८ सदस्य: उद्योग, युनियन, पर्यावरणवाले, वैज्ञानिक आणि खाणपट्ट्यातली माणसं. सात-आठ महिने भांडून त्यांनी जानेवारी २०१९ मध्ये २०३८ ही शेवटची तारीख दिली. पर्यावरणवाल्यांना ती फार लांबची वाटली, खाणवाल्यांना फार जवळची. २०२० च्या कायद्यात कोळसापट्ट्यांसाठी ४,००० कोटी युरो आले, आणि ५८ वर्षांवरच्या कामगारांना पाच वर्षांपर्यंत पेन्शनचा पूल. लाउझित्समधल्या कॉटबुस शहरात रेल्वेने वेगवान गाड्यांच्या दुरुस्तीचा अवाढव्य कारखाना जानेवारी २०२४ मध्ये सुरू केला, तोही खाणीतून येणाऱ्या मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन लोकांना नजरेसमोर ठेवून. १,२०० नोकऱ्यांची योजना आहे. म्हणजे खाण बंद व्हायच्या आधी शेजारी काम उभं राहिलं. तरीही लाउझित्समध्ये एएफडी या उजव्या पक्षाला भरभरून मतं पडतात. १९९० मध्ये गेलेला विश्वास एका रेल्वे कारखान्याने परत येत नाही. पश्चिमेकडच्या ऱ्हाइनलँडमध्ये आरडब्ल्यूई कंपनीशी करार करून तारीख २०३० पर्यंत अलीकडे आणली आणि बदल्यात ल्युत्सेराथ हे खेडं खाणीला दिलं. जानेवारी २०२३ मध्ये पोलिसांनी तिथे झाडांवर बसलेल्या आंदोलकांना एकेक करून उतरवलं. तटस्थतेच्या वाटेवर असेही सौदे होतात.

हे सगळं वाचताना मराठी वाचकाच्या डोळ्यासमोर चंद्रपूर येणं साहजिक आहे. भारताने २०७० चं लक्ष्य २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर केलं, मुंबई महापालिकेच्या आराखड्यात २०५० लिहिलं आहे. भारताचं माणशी उत्सर्जन तीन टनांच्या आसपास, जर्मनीचं आठच्या, त्यामुळे मुदत वेगळी असणं रास्तच. पण २,९२० मेगावॉटचं चंद्रपूरचं केंद्र आणि चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या खाणी कधीतरी थांबणारच, आणि तेव्हा जर्मनीच्या दोन तऱ्हांपैकी पहिली निवडायची म्हटलं तर एक व्यावहारिक अडचण येते. पेन्शनचा पूल बांधता आला तो प्रत्येक कामगाराची नोकरी, वय आणि वर्षं कागदावर होती म्हणून. चंद्रपूरला खाणीत आणि केंद्रात राबणाऱ्यांत कंत्राटी माणसं खूप. कंत्राटदार बदलला की अनेकदा त्यांची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. कोळशाचे ट्रक चालवणारे, टायरचे पंक्चर काढणारे, गेटबाहेर खानावळ चालवणाऱ्या बाया कुठल्याच हजेरीपटावर नाहीत. खानावळवाले आणि गॅरेजवाले जर्मनीच्या पुलावरही नव्हते, पण तिथे ते थोडे होते. इथे त्यांची मोजणी अजून व्हायची आहे, आणि ती खाण चालू असतानाच करता येते.